लावणीच्या महिन्यातला आकडा

सोमवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत पडद्यावर दोन झेंडे यायचे. डाव्या अंगाला आपला, उजव्या अंगाला बांगलादेशचा. प्रत्येक झेंड्याखाली दोन आकडे. वरचा माणशी उत्पादनाचा, म्हणजे एका माणसाच्या एका तासातून कंपनीच्या पदरात किती माल पडला. खालचा फेरवापराचा, म्हणजे वापरून झालेल्या द्रवातलं किती आम्ही परत कामाला लावलं. जो पुढे त्याचा आकडा हिरवा, जो मागे त्याचा लाल, बरोबरी झाली तर दोघांचेही हिरवे. कंपनीनं शेजारच्या देशात आमच्यासारखाच एक कारखाना घेतला तेव्हापासून ही तुलना सुरू झाली होती.

मुख्य कचेरीतले साहेब पडद्यावरूनच बोलायचे, आणि सुरुवात नेहमी देशापासून करायचे. आपल्या देशाची उत्पादकता कुठे, शेजाऱ्याची कुठे, चक्राकार अर्थव्यवस्थेत कोण किती पुढे सरकलं, कचऱ्यातून कोणी काय कमावलं. मोठमोठे नकाशे, रंगीत बाण. ऐकताना वाटायचं, आता एखादा मंत्रीच येतोय बोलायला. मग तो नकाशा लहान होत होत महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडवर येऊन थांबायचा, जिथे मी आणि माझे पाचजण घाम पुसत उभे असायचो. देशाची इभ्रत आमच्या हातात. देशाला याची काही कल्पना होती की नाही, कोण जाणे.

त्या शेडचा मी शिफ्ट इन्चार्ज. काम समजायला सोपं आहे. औषधांचा कच्चा माल बनवताना सॉल्व्हंट लागतं. ते वापरून मळकं झालं की आमच्याकडे येतं. आम्ही ते तापवतो, वाफ उंच कॉलममधून वर चढवतो, गार करतो आणि स्वच्छ झालेलं परत प्लँटला देतो. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला खालून पाणी सुटतं, तोच प्रकार. फक्त याच्या वासानं डोकं चढतं, आणि घाई केली तर मळही वाफेबरोबर वर येतो, मग सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

गोम इथेच होती. वरचा आकडा वाढवायचा तर माणसं कमी करा आणि भरभर हात चालवा. खालचा वाढवायचा तर माणसंही हवीत आणि दमही हवा. एक वर गेला की दुसरा खाली यायचा. साहेबांना दोन्ही हिरवे हवे असायचे, आणि ते हे हसत हसत सांगायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती. एसी घरघरत असायचा तरी मला तिथे कोंडल्यासारखं व्हायचं, शर्टाचं वरचं बटण सोडावंसं वाटायचं. सोडता यायचं नाही, कॅमेरा चालू असायचा.

एकच माणूस त्या पडद्यावर मला आपला वाटायचा. तिकडच्या शेडचा इन्चार्ज. जाड भिंगांचा चष्मा, मागे कायम फिरणारा पंखा, आणि सिनेमे बघून शिकलेलं हिंदी. आम्ही दोघंही साहेबांच्या आधी येऊन बसायचो. तो विचारायचा, तुमच्याकडे पाऊस किती. मी विचारायचो, मासळी काय भाव. साहेब आले की दोघांचेही चेहरे गप्प व्हायचे.

माझ्या पाचजणांत एक माझा चुलतभाऊ होता. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. वाडीतली निम्मी घरं कुलपात असतात, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात. दादाही मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईला गेला आणि एका गोदामात माल चढवत-उतरवत, त्याच गोदामात झोपत अर्धं आयुष्य काढून बसला. बायको आणि मुलगी वाडीत. एका शिमग्याला तो आला असताना त्या एवढ्याशा मुलीनं त्याच्यासमोरच आईला विचारलं, "आये, हे कवा जानार हायत?"

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्यानं मुंबई सोडली. मी ठेकेदाराकडे शब्द टाकला आणि तो आमच्या शेडमध्ये लागला. आठवडाभर आम्ही बिरवाडीला एका भाड्याच्या खोलीत राहायचो, शनिवारी संध्याकाळी वाडीला जायचो. खोलीत एक शेगडी, दोन गाद्या आणि पावसाळाभर न वाळणाऱ्या कपड्यांची एक दोरी. दादाला त्यातही सुख होतं. रविवारी तो मुलीला मागे बसवून मोटरसायकलवरून पोलादपूरच्या बाजारात न्यायचा आणि सोमवारी मला तिनं काय काय मागितलं ते सांगत बसायचा. त्याचं मागणं एकच होतं. म्हणायचा, "कायबी काम सांग रे मला. पन परत मुंबई नको."

आता लावणीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

आमच्याकडे भाताची लावणी एकट्या घराला उरकत नाही. आवण, म्हणजे भाताची रोपं, तयार झालं आणि खाचरात पाणी भरलं की चार दिवसांत सगळं व्हायला हवं. म्हणून सावड असते. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. जेवण ज्याचं शेत त्याच्याकडे. पैशाचं नाव काढायचं नाही. सावडीचे पैसे दिले की ती मजुरी होते, आणि भावकीत कोणी कोणाला मजूर म्हणत नाही. माझ्या आईनं एकदा नवीन लग्न होऊन आलेल्या शेजारणीला नकळत नोट पुढे केली होती, ती बाई दोन वर्षं आमच्या उंबऱ्याला आली नाही.

शेडमधले आम्ही सहाही भातवाले. एक तुडीलचा, त्याची जमीन नदीकाठी, त्याची लावणी आधी. बिरवाडीच्या दोघांची त्याच्यामागून. आमची डोंगरातली सगळ्यांत शेवटी. तर गेल्या वर्षीच्या पावसात आम्ही सावड शेडमध्ये आणली. कोणी ठरवलं नाही, बैठक झाली नाही. तुडीलवाला रजेवर गेला, त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं. लवकर यायचं, उशिरा जायचं, कॉलमला घाई करायची नाही. तो परत आला आणि पुढचे दोघे गेले. शेवटी दादा गेला तेव्हा त्याच्या वाट्याचं मी केलं. महिनाभर शेडमध्ये कधी पाच, कधी चारच माणसं असायची आणि काम सहांचं व्हायचं.

आणि ओव्हरटाइम कोणी लिहिला नाही. हिशेब बघणाऱ्या मुलीनं विचारलंसुद्धा. यंत्र आपलं शिफ्टचेच तास धरतंय, जास्तीचे तास लिहून द्या, पैसे मिळतील, असं ती चांगल्या मनानं सांगत होती. तुडीलवाला लाजल्यासारखा हसला आणि म्हणाला, "नको मॅडम. त्ये आमचं आपसातलं हाय."

दादाकडे माझी पाळी फेडायची राहिली. माझ्या खाचरात पाणी आलं तेव्हा नेमके मुख्य कचेरीचे दौरे लागले आणि मला रजाच मिळाली नाही. बायकोनं आणि आईनं वाडीतल्या बायकांना घेऊन लावणी ओढली. दादाच्या मनाला ते लागून राहिलं. "तुझी हाय माझ्यावर," असं तो येता-जाता म्हणायचा. मी म्हणायचो, पुढल्या वर्षी फेड.

मग तो सोमवार आला. पडद्यावर झेंडे लागले आणि आमचे दोन्ही आकडे हिरवे. नुसते हिरवे नाहीत, कधी नव्हते इतके वर. शेजारचे दोन्ही लाल. साहेब खुर्चीतून पुढे झुकले. भारतानं करून दाखवलं, म्हणाले. चष्मेवाल्याला चार शब्द ऐकवले. तो मान खाली घालून ऐकत होता, मागे पंखा फिरत होता. मला त्या क्षणी छाती फुगल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो. दुसऱ्याच क्षणी साहेबांनी विचारलं, "जुलैमध्ये चारजणांत सगळं जमलं ना? मग सहा कशाला लागतात?"

चार राहणार म्हणजे ठेक्यावरचे दोन जाणार, आणि त्या दोघांत दादा. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि वर टाळ्या वाजवत बसलो होतो. गप्प बसलो असतो तर दोघे तिथल्या तिथे गेले असते. म्हणून मी बोललो. सावड म्हणजे काय, कोण कोणासाठी थांबलं, किती तास लिहिलेच नाहीत, हे एका महिन्यापुरतं आणि एकमेकांच्या शेतापायी होतं, बारा महिने कोणाच्या अंगात हे बळ नसतं, सगळं सांगितलं. आयुष्यात त्या खोलीत मी इतकं कधी बोललो नव्हतो.

साहेब शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "ब्रिलियंट!"

पुढच्या सोमवारी पडद्यावर माझी सावड आली. इंग्रजी अक्षरांत, भोवती गोल फिरणारे हिरवे बाण. जसं सॉल्व्हंट फिरून वापरतो तसा माणसांचा वेळही फिरून वापरायचा आणि बारा महिने चौघांतच भागवायचं, असं काहीतरी साहेब समजावत होते. कोकणातल्या शेतकऱ्यांची प्राचीन पद्धत, दोन्ही देशांना मार्गदर्शक. मला वाटलं उठावं आणि त्या पडद्याची वायर उपटावी. मी उठलो नाही. घरचे हप्ते, आईची औषधं, सगळं मला खुर्चीत दाबून बसवत होतं. सावडीत फेड असते, साहेब, आणि जो माणूस काढून टाकला तो फेडणार कशी, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात मीटिंग संपली.

त्यानंतरच्या एका सोमवारी चष्मेवाला साहेबांच्या आधी आला, पण पाऊस किती ते त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "भाई, हमारा इधर भी धान है. लोग खेत में जाता है, बाकी लोग रुकता है. हम उनका ओव्हरटाइम लिखता है, तो नंबर गिरता है. अभी तुम्हारा नंबर देख के इधर दो आदमी निकाल रहा है."

त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. इतके महिने नकाशे आणि बाण बघितले, आणि दोन देशांच्या उत्पादकतेतला फरक शेवटी एवढाच निघाला की त्यांच्याकडे जास्तीचे तास लिहिले गेले आणि आमच्याकडे नाहीत. भात त्यांचंही तेच, चिखलही तोच. मी बोललो त्याचा मला पस्तावा नाही. न बोलतो तरी हेच झालं असतं. पण ज्या पिंजऱ्याला दोन दारं दिसतात आणि दोन्हीला कुलूप असतं, त्यात उभं राहून आपण कुठल्या दारावर धडक दिली याचा हिशेब करत बसावं लागतं, आणि तो हिशेब मी कितीतरी महिने करत होतो.

दिवाळी झाली आणि ठेकेदारानं दादाला आणि बिरवाडीच्या एकाला येऊ नका म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी खोलीवर दादा आपले कपडे दोरीवरून काढून घडी घालत होता. मी त्याला मीटिंगमधलं सगळं सांगितलं. त्यानं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाला, "तू बोललास त्ये बरं केलंस. तुझा काय दोष नाय." एक शर्ट त्यानं पुन्हा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली. "आपन त्ये पैसं लिवायला हवं होतं काय रे?"

मी दोरीवरचा त्याचा टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.

"पन सावडीचं पैसं कसं घ्यायचं?" तोच म्हणाला.

त्यानंतर तो वसाहतीतल्या एकेका गेटवर जाऊन आला. वय विचारायचे आणि बघू म्हणायचे. कुठे चार दिवस ड्रम धुवायचं काम मिळालं, कुठे कुंपणाचं. मोटरसायकल विकली. मुंबईच्या जुन्या गोदामातून फोन येत होते, ये म्हणून. घरचेही हळूहळू तेच म्हणायला लागले, आणि शेवटी तोही हो म्हणाला. फक्त म्हणाला, लावणी झाल्यावर. मला वाटलं, स्वतःच्या शेतासाठी थांबलाय.

या वर्षी मी रजेचा अर्ज केला तेव्हा साहेबांचा प्रश्न सरळ होता, चार माणसांत एक गेला तर राहिले किती? शेडमध्ये आता रजा कोणालाच नाही. तुडीलवाल्याची लावणी पैसे देऊन माणसं लावून झाली. ते सांगताना तो दुसरीकडे बघत होता. कॉलमजवळ उभं राहून मी पत्र्यावरचा पाऊस ऐकायचो आणि वाडीतल्या खाचरात किती पाणी चढलं असेल याचा अंदाज करायचो. दार दहा पावलांवर, पण शिफ्ट संपेपर्यंत ते माझं नव्हतं. आवण पिवळं पडायला लागलंय, असा बायकोचा फोन आला त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत नेला.

शनिवारी उशिरा सुटलो, पोलादपूरहून वर जायला गाडी नव्हती, म्हणून रविवारी सकाळी वाडीला पोचलो. खाली खाचरांकडे बघितलं आणि पाय थबकले. माझी जवळजवळ सगळी खाचरं लावून झाली होती. सगळ्यात खालच्या तुकड्यात दादा वाकलेला होता, पाठीवर प्लास्टिकचा कागद, शेजारी त्याची बायको आणि मुलगी. माझी बायको म्हणाली, चार दिवस झाले, उजाडायला येतात. स्वतःची लावणी अर्धी टाकून आधी आपली घेतली.

मी चिखलात उतरलो. त्याच्या शेजारी वाकून आवणाची मूठ हातात घेतली आणि म्हटलं, "दादा, आता कसली सावड? तू तिकडे कामावर राहिलाच नाहीस. निदान या चार दिवसांचे..."

तो सरळ उभा राहिला. काम गेलं तेव्हा जो चिडला नव्हता तो तेव्हा चिडला. "मजूर समजतोस काय मला?" म्हणाला. "तू माज्या पाळीला थांबलावतास का नाय? मंग? सावड डोक्यावर घेऊन मुंबईला जाऊ काय मी?"

मग तो परत वाकला. शेवटची मूठ त्यानंच लावली. बांधावरच्या ओहोळात हातपाय धुतले, कागद झटकला आणि म्हणाला, "झालं. आता कुनाचं काय नाय माज्याकडं." मुलगी आता बारावीला आहे. तिनं बापाला चहा ओतून दिला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "गनपतीला येशील ना, बाबा?"

"येईन की," तो म्हणाला. मी आवणाच्या उरलेल्या जुड्या गोळा करायला गेलो, कारण मला तिथे उभं राहवेना.

त्यांची अर्धी राहिलेली लावणी आम्ही सगळ्यांनी त्याच दिवशी अंधार पडेपर्यंत उरकली. सोमवारी पहाटेच्या एसटीनं दोघंही निघालो. महाडपर्यंत एकच वाट. दादाच्या पायाशी तीच जुनी रेक्झिनची बॅग होती, आणि नखांत दोघांच्याही चिखल. महाडला मी उतरलो. खिडकीतून त्यानं हात केला आणि म्हणाला, "जा, तुला उशीर होईल." गाडी गेली. मला खरंच उशीर झाला होता, म्हणून मी रिक्षा केली.

मीटिंगच्या खोलीत चष्मेवाला आधीच बसला होता. पंखा फिरत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, बहुतेक हाताकडे.

"धान लग गया, भाई?"

"लग गया."

"छुट्टी मिला?"

"नहीं."

"तो किसने लगाया?"

मी म्हटलं, "जिसका काम गया, उसने."

तो चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणाला, "हमारा भी उसी ने लगाया." तेवढ्यात साहेब आले. आम्ही दोघं सरळ बसलो आणि पडद्यावर झेंडे लागले. आकडे दोन्हीकडे हिरवे होते.